मोहाच्या दिवसांत मुक्काम

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा ‘पायथ्याचं गाव’ हा लाडका शब्द. कळसूबाई चढायची तर बारीत मुक्काम, पिठलं-भाकरी आणि पहाटे चढाई. तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे असं राहून फिरता येतं का, असं मला पुण्याच्या एका मित्रानं विचारलं. येतं, पण इथं वाट गावाला विचारावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं ग्रामसभेला डावलून पाऊल टाकणं शोभत नाही. ताडोबाची तऱ्हा निराळी. 1955 सालचं हे राष्ट्रीय उद्यान. आत जिप्सीतून खाली उतरायची मुभा नाही. भोवतालचं बफर क्षेत्र 2010 साली जाहीर झालं. तिथं मोहर्लीसारख्या गावांतून पाहुण्यांची सोय होते. परवानगी असेल तिथं, गावचा वाटाड्या घेऊन चालताही येतं.

अशाच एका गावी मी एप्रिलमध्ये उतरलो होतो. फजरची नमाज आटोपून ओसरीवर बूट बांधत होतो. यजमान म्हणाले, “आज पायी जाचं नाही जी. नाल्यात वाघाचे ठसे हायेत.”

मी मुकाट्यानं बूट काढले. तेवढ्यात वहिनी टोपली घेऊन निघाल्या, शेजारच्या दोघी सोबत. त्याच नाल्याकडे! मोह पहाटे गळतो. उशीर झाला की गुरं, हरणं फुलं खाऊन टाकतात. आणि फुलं वाकून वेचावी लागतात. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो, असं इथली जुनी माणसं सांगतात. या दिवसांत अशी किती माणसं गेली, हे आमच्याकडचे पेपर वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

“वहिनींना थांबवा ना,” मी म्हणालो.

“तुमचं फिरणं उद्या होते भाऊ. आजचा मोह उद्या भेटत नाही.” त्यांनी काठी घेतली, एक रिकामा डबा घेतला आणि तो बडवत बायकांच्या मागं गेले.

नऊ वाजता सगळे परतले. तोवर मला चहा गोड लागला नव्हता. वहिनींनी अंगणात फुलं पसरली. अख्खं अंगण फिकट पिवळं! एरवी मी त्यावर चार ओळी लिहिल्या असत्या.

निघताना दोन रात्रींचे पैसे दिले. नोटा मोजून वहिनींनी विचारलं, “पुढच्या उन्हाळ्यात असे किती पाहुणे येतीन जी?” नजर अंगणातल्या फुलांवर होती. किती पाहुणे आले म्हणजे पहाटे नाल्याकडे जावं लागणार नाही, याचा हिशेब चालला होता.

मला आकडा सांगता आला नाही.