झार गेला, खते जळली, पुढे काय?

(जुन्नर-आंबेगाव भागातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आम्ही शाळामास्तर. व्याख्यान देण्याचा आमचा धंदा नव्हे. परंतु गेल्या आठवड्यात टोमॅटोचा भाव असा बसला की, विकून आलेल्या पैशात गाडीभाडेही फिटेना. बाजारातून परत येताना आमच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण म्हणाला, "गुरुजी, रशियात लोकांनी राजाच उलथून टाकला. आपणही एकदा तसे केल्यावाचून हे सुटायचे नाही." त्याचा राग खोटा नव्हता. रस्त्यात त्याला धड उत्तर देता आले नाही. ते आज सर्वांसमक्ष देतो.

प्रथम रशियाची हकीकत ऐका. तिकडील कुळे जमीनदाराच्या शेताला दाव्याने बांधल्यासारखी होती. 1861 साली झार दुसरा अलेक्झांडर याने त्यांना मोकळे केले. पण जमीन फुकट दिली नाही. तिच्या किमतीचे हप्ते 49 वर्षे भरावयाचे ठरले. धनी गेला आणि हप्ता आला! हप्ता म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नकोच.

पुढे 1905 च्या जानेवारीत राजधानीतील कामकरी लोक, बायकामुलांसह, देवाच्या तसबिरी व झाराचे चित्र हाती घेऊन, गाऱ्हाण्याचा अर्ज देण्यास राजवाड्याकडे निघाले. उत्तर बंदुकीने मिळाले. त्या दिवशी माणसे तर मेलीच, पण राजा मायबाप आहे ही समजूतही त्यांच्याबरोबर मेली. 1914 साली महायुद्ध पेटले. शेतकऱ्यांचे लक्षावधी मुलगे लढाईवर गेले आणि शहरात पाव मिळेनासा झाला. 8 मार्च 1917 रोजी पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील बाया कामावरून उठून भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. चार दिवसांत पलटणी त्यांना मिळाल्या. कारण शिपाईही शेतकऱ्यांचेच पुत्र होते. 15 मार्चला झार निकोलस गादीवरून उतरला. 1613 पासून चालत आलेले घराणे एका आठवड्यात संपले!

मागून आलेल्या सरकारने लढाई थांबविली नाही, आणि जमिनीचा प्रश्न उद्यावर ढकलला. भुकेल्याला 'उद्या' सांगून कसे चालेल? लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने तह, जमीन आणि भाकरी देऊ म्हटले, व 7 नोव्हेंबरला सत्ता घेतली. दुसऱ्याच दिवशी जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना देण्याचे फर्मान निघाले. खेड्यापाड्यांत आनंदीआनंद झाला.

परंतु बंधुहो, येथेच कथा संपवू नका. त्याच महिन्यात देशभर निवडणूक झाली. तीत सर्वांत जास्त मते शेतकऱ्यांचा म्हणविणाऱ्या दुसऱ्याच पक्षाला पडली. ती सभा 1918 च्या जानेवारीत एकदाच भरली आणि नव्या सरकारने ती बंद केली. मग यादवी माजली. धान्य न्यावयास हत्यारबंद टोळ्या खळ्यावर येऊ लागल्या. 1929 पासून तर शेते, गुरे, अवजारे सरकारी हुकुमाने सामुदायिक शेतीत ओढली गेली. 'नाही' म्हणणारांस घरादारासह हद्दपार केले. 1932-33 च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तीही धान्याच्या कोठारासारख्या मुलखात. शाळा निघाल्या, अडाणीपणा झपाट्याने हटला, हेही खरेच. ते नाकारणे अन्यायाचे होईल. पण जी जमीन एका फर्मानाने मिळाली, ती दुसऱ्या फर्मानाने गेली. दोन्ही वेळा फर्मान लिहिणारा हात शेतकऱ्याचा नव्हता. ते राज्यही 1991 साली लयास गेले.

आता आपल्या घरची गोष्ट. रशियातील बायांच्या 42 वर्षे आधी आपल्या पुणे जिल्ह्यातील रयत उठली होती. अमेरिकेतील लढाईमुळे 1861 ते 1865 पर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला, मग तो कोसळला. त्यातच 1867 च्या सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन बोजा वाढला. रयत सावकाराच्या दारी गेली. 1874 च्या डिसेंबरात, आपल्या आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, कर्डे गावी काळूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांच्या घराला हात घातला. गाव खवळले. सावकारांचे शेत कसावयाचे नाही, त्यांच्या दुकानी जावयाचे नाही, असा बहिष्कार गावोगाव पसरला. न्हावी, परीट, सुतार, लोहार यांनीही कित्येक ठिकाणी काम बंद केले. म्हणजे शेतकरी एकटा नव्हता. बलुतेदार त्याच्या पाठीशी होता, हे कारागीर बंधूंनी विसरू नये.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली, आणि पुणे व नगर जिल्ह्यांत वणवा पेटला. लोकांनी काय मागितले? सावकाराचे प्राण नव्हे, तर खत! खत हाती आले की ते जाळावयाचे व घरी जावयाचे, असे बहुतेक ठिकाणी झाले. शेकडो लोक पकडले गेले. सरकारने चौकशीमंडळ नेमले, व 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे बंद झाले. खतातील आकडा कसा फुगला हे कोर्ट तपासू लागले. खत नोंदणीकामगारासमोर करावे लागे. हे त्या रयतेने मिळविले.

पण पुढे काय झाले? कर्जाचे खत तपासले जाते असे दिसताच कित्येक सावकार खरेदीखत लिहून घेऊ लागले! कर्ज काढावयास गेलेला कुणबी जमीन विकून परत येई, व अंगठा कशावर उठविला हे त्यास ठाऊक नसे. जुने खत जळले. नवे खत त्याच हाताने लिहिले.

मग 1885 च्या सुमारास ह्याच जुन्नर तालुक्यातील कुळांनी निराळी वाट धरली. त्यांनी जाळले काही नाही. जड खंडाने आम्ही नांगर धरीत नाही, असे म्हणून सावकार-जमीनदारांची शेते पडीक टाकली. जोतीराव फुले व त्यांचे सत्यशोधक सोबती त्यांच्या बाजूस उभे राहिले. पडीक शेत काय बोलते, ते धन्यास वाचावयास शिकावे लागले नाही.

तेव्हा त्या तरुणास आमचे उत्तर असे. बाबा रे, तुझा राग जपून ठेव. त्यावाचून झार हालत नाही आणि सावकारही हालत नाही. पण उलथून टाकणे हे नांगरटीसारखे आहे. नांगरट करून घरी जाऊन निजला, तर त्या शेतात पेरणी दुसरा करतो आणि पीकही तोच नेतो. दुसऱ्या दिवशी वही कोण लिहिणार, हा प्रश्न आजच विचार.

आज खत बदलले आहे. त्याची अर्ज, करार व हिशेबपट्टी अशी नावे झाली आहेत. आडत्याच्या पट्टीवर तोलाई, हमाली किती कापली, हे आपल्यापैकी कितीजण वाचतात? कोऱ्या कागदावर सही करणारे घर आजही आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला न जाता, केवळ वहीत सही करून येणारेही आहेत. अशा घराला कोणती राज्यक्रांती तारील?

म्हणून एवढेच मागणे. दर रविवारी दिवेलागणीला आम्ही शाळेच्या ओट्यावर बसू. कर्जाचा, विक्रीचा, सातबाऱ्याचा जो कागद समजत नसेल तो घेऊन या. आम्ही वाचून दाखवू. येताना घरातील मुलगी बरोबर आणा. पेट्रोग्राडला प्रथम बायाच उठल्या होत्या. पहिला कागद आम्ही वाचू. दुसरा तिने वाचावा.