मळसूत्र आणि मॉड्स्ले

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एकाद्या कारखान्यांत यंत्र खोलावयाचें झालें, म्हणजे कारागिराला एक खबरदारी घ्यावी लागे. यंत्रांतून काढलेला प्रत्येक बोल्ट आणि त्यावरचा नट यांवर एकच खूण करून ती जोडी निराळी ठेवावी लागे. जोड्यांची सरमिसळ झाली तर यंत्र पुन्हा जुळविणें मोठें जिकिरीचें होई. कारण एका बोल्टाचा नट दुसऱ्या बोल्टावर चढत नसे. मळसूत्राचे आटे कारागीर हातानें, कानशीनें व छिन्नीनें पाडीत. आणि हात कितीहि कसलेला असला तरी दोन बोल्टांचे आटे तंतोतंत सारखे होणें शक्य नव्हतें. वॉटच्या वाफेच्या यंत्रानें इंग्लंडांत उद्योगक्रांति घडवून आणली असें शाळेंत शिकविलें जातें, व तें खोटें नाहीं. परंतु वाफेचें यंत्र ज्या भागांचें बनलें होतें ते भाग अचूक कसे घडवावयाचे, हा प्रश्न सुटल्याखेरीज त्या क्रांतीचा पाया पक्का होणार नव्हता. श्रोतेहो, तो प्रश्न सोडविण्यांत ज्याचा मोठा वांटा आहे, त्या हेन्री मॉड्स्लेचें नांव आपल्याकडे वॉट किंवा स्टीफन्सन यांच्याइतकें ऐकूं येत नाहीं.

हेन्रीचा जन्म १७७१ सालीं वुलिच येथें झाला. वयाच्या बाराव्या वर्षीं तेथील सरकारी शस्त्रागारांत काडतुसें भरण्याच्या कामावर तो लागला. दोन वर्षांनीं त्याला सुतारखात्यांत धाडण्यांत आलें. परंतु त्याचें मन लोहारकामाकडे ओढ घेई, आणि पंधराव्या वर्षीं तो लोहारखात्यांत गेला. कानस चालविण्यांत त्याचा हात इतका साफ झाला कीं, तो अठरा वर्षांचा असतांना लंडनचा नामांकित कुलूपकार जोसेफ ब्रामा यानें त्याला आपल्याकडे घेतलें. ब्रामाच्या कुलपाची रचना अतिशय नाजूक होती. तें केवळ हातानें बनवावयाचें म्हणजे किंमत भरमसाट होई. तें पुष्कळ संख्येनें बनावें म्हणून लागणारीं यंत्रें मॉड्स्लेनें तयार केलीं. तरीहि त्याचा पगार आठवड्याला ३० शिलिंगच होता. पगारवाढीची विनंति ब्रामानें नाकारली, तेव्हां १७९७ सालीं मॉड्स्लेनें नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटवर स्वतःचा लहानसा कारखाना घातला.

१८०० च्या सुमारास त्याचा मळसूत्र कांतण्याचा लेथ पूर्णत्वास आला. साध्या लेथवर कातारी आपलें हत्यार हातांत धरून फिरत्या धातूवर दाबीत असे. त्यामुळें हत्याराची चाल हाताच्या जोरावर व डोळ्याच्या अंदाजावर अवलंबून राही. मॉड्स्लेनें हत्यार सरकत्या लोखंडी बैठकीवर घट्ट बसविलें. ही बैठक एका लांब मळसूत्रानें पुढें सरके, आणि तें मळसूत्र दांत्यांच्या चाकांनीं लेथच्या फिरत्या भागाशीं जोडलेलें असे. धातूचा एक फेरा झाला कीं हत्यार ठराविक अंतरच पुढें जाई. चाकें बदललीं म्हणजे आट्यांमधील अंतर बदले, आणि एकाच मूळ मळसूत्रावरून हव्या त्या मापाचीं मळसूत्रें निघत. या कल्पनेचा तो पहिला जनक नव्हे. जेसी रॅम्सडेन यानें लंडनमध्येंच १७७० नंतरच्या दशकांत शास्त्रीय उपकरणांसाठीं असें यंत्र केलें होतें. मॉड्स्लेचा विशेष हा कीं, कारखान्यांत रोज राबेल असें मजबूत यंत्र त्यानें बनविलें. त्यानें घडविलेलें एक मळसूत्र पांच फूट लांब व दोन इंच व्यासाचें असून त्याच्या दर इंचांत ५० आटे होते. त्याच्या एक फूट लांब नटांत ६०० आटे पाडलेले होते.

या अचूकपणाची मोठी कसोटी आरमाराच्या कामांत लागली. शिडाच्या जहाजांवर दोर ओढण्यासाठीं लांकडी कप्प्या लागत, आणि ब्रिटिश आरमाराला त्या वर्षाकाठीं सुमारें एक लाख हव्या असत. मूळचा फ्रान्सचा असलेला इंजिनियर मार्क ब्रुनेल यानें कप्प्या करण्याच्या यंत्रांची योजना आंखली, आणि तीं यंत्रें घडविण्याचें काम मॉड्स्लेकडे आलें. १८०२ ते १८०८ या काळांत पोर्ट्स्मथ येथें सुमारें ४५ यंत्रें उभीं राहिलीं. पूर्वीं ११० कसबी कारागीर जें काम करीत तें आतां १० साधे मजूर करूं लागले, व १८०८ सालीं १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. आरमाराचा खर्च वांचला. पण ज्यांनीं आयुष्याचीं वर्षें घालवून तो धंदा साधला होता, त्यांच्या कसबाला तेथें किंमत उरली नाहीं. यंत्रें घडविणाऱ्या कारखान्यांत नव्या कसबाची गरज निर्माण झाली खरी. परंतु जुन्या कारागिरालाच तेथें जागा मिळेल, असा नियम नव्हता. यंत्रयुगाच्या हिशेबांत ही बाजूहि मांडली पाहिजे.

स्वतः मॉड्स्लेच्या कारखान्यांत मात्र हाताच्या कसबाचा मान कमी झाला नाहीं. कामगारांजवळ अगदीं सपाट केलेल्या धातूच्या फळ्या ठेवलेल्या असत. घडविलेला भाग सपाट झाला कीं नाहीं, तें त्यांवर टेकवून पाहावयाचें. मापाचा अखेरचा निकाल एका मायक्रोमीटरवर लागे. या उपकरणाला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असें नांव पडलें होतें. कारण त्याच्या निवाड्यावर अपील नव्हतें. रिचर्ड रॉबर्ट्‌स, जेम्स नॅस्मिथ व जोसेफ व्हिटवर्थ हे पुढें नांवाजलेले यंत्रशिल्पी याच शाळेंत तयार झाले.

१८३१ सालीं मॉड्स्ले वारला. त्यानंतर दोन वर्षांनीं व्हिटवर्थनें मँचेस्टर येथें आपला कारखाना काढला. खरोखर सपाट पृष्ठ कसें मिळवावें, हें त्यानें १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढें मांडलें. दोन फळ्या खरवडून एकमेकींशीं जुळविल्या, तर एक किंचित् खोलगट व दुसरी किंचित् फुगीर असूनहि त्या जुळतात, आणि दोष लपून राहतो. तीन फळ्या घेऊन प्रत्येक फळी इतर दोन्हींशीं जुळवावयाची म्हटलें, कीं तिन्ही सपाट झाल्याखेरीज सुटका नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यानें मळसूत्राचा प्रश्न हातीं घेतला. प्रत्येक कारखान्याचें मळसूत्र त्याच्यापुरतें ठीक होतें, पण शेजारच्या कारखान्याशीं त्याचा मेळ नव्हता. व्हिटवर्थनें अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि एक कोष्टक सुचविलें. पाव इंची बोल्टाला इंचांत २० आटे, अर्ध्या इंची बोल्टाला १२, एक इंची बोल्टाला ८, आणि आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा. प्रत्येकानें आपलें थोडें सोडून समाईक माप पत्करावें, एवढीच त्याची मागणी होती. आणि हळूहळू ती देशभर मान्य झाली.

तिचें फळ क्रिमियाच्या युद्धांत दिसलें. तोफा वाहणाऱ्या लहान बोटींसाठीं आरमाराला तांतडीनें इंजिनें हवीं होतीं. जॉन पेन या इंजिनियरनें नमुन्याच्या इंजिनांचे भाग सुटे करून निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठविले. तेथून घडून आलेले भाग जुळले, आणि ९० दिवसांत ९० इंजिनें तयार झालीं. अमेरिकेंत मात्र १८६४ सालीं विल्यम सेलर्सनें ६० अंशांचा कोन सुचविला व तिकडे तोच रूढ झाला. या पांच अंशांच्या फरकाचा त्रास दोस्त राष्ट्रांना दुसऱ्या महायुद्धांत भोगावा लागला. एका देशाचा बोल्ट दुसऱ्या देशाच्या यंत्रांत बसेना. अखेर १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं ६० अंशांचें एकच मळसूत्र ठरविलें. आज सर्वत्र प्रचारांत असलेलें मेट्रिक मळसूत्रहि ६० अंशांचेंच आहे. पण पाण्याच्या नळांच्या जोडांत व्हिटवर्थचा ५५ अंशांचा कोन टिकून राहिला आहे, आणि मुंबई-पुण्याच्या घरांतील नळाच्या आट्यांचा कोनहि तोच आहे.

व्हिटवर्थनें १८६८ सालीं होतकरू तरुणांसाठीं दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. त्या देतांना पुस्तकी विद्येबरोबर हत्यारावरचा हातहि पाहिला जाई. मॉड्स्लेच्या कारखान्यांत काम केलेल्या मनुष्याला ही अट घालावीशी वाटली, यांत नवल नाहीं. पहिली सपाट फळी कोणीतरी हातानेंच खरवडली होती, आणि अचूक मळसूत्र कांतणारें पहिलें यंत्रहि कानस चालविणाऱ्या हातांनींच उभें केलें होतें.