नोंद लिहिणारा कारकून



शाळेत शेरेबुक असते, ग्रामपंचायतीत आवक-जावक बुक असते. कोण आले, काय आले, केव्हा गेले, एवढेच त्यात लिहावयाचे. वही स्वतः काही करीत नाही. पण तंटा उभा राहिला की सारे आधी तीच उघडतात. संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामांनाही अशी वही लागते. तिला 'लॉग' म्हणतात. पैसे जमा झाले नाहीत, पावती निघाली नाही, तर घोडे कोठे अडले हे तिच्यावरून कळते.

जावा या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिणारे ही वही दर वेळी नव्याने बांधीत नाहीत, आयती घेतात. अशा आयत्या साहित्याला 'लायब्ररी' म्हणतात, आपल्या वाचनालयाशी तिचा संबंध नाही बरं का! त्यांतली फार वापरातली म्हणजे 'लॉग-फोर-जे'. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली स्वयंसेवक ती सांभाळतात, आणि ती फुकट मिळते.

२०१३ साली तिच्या दुसऱ्या पिढीत एक सोय घातली गेली. नोंदीत ठराविक खुणेने पत्ता लिहिलेला असला, तर लिहिणाऱ्याने त्या पत्त्यावरून माहिती आणून नोंदीत भरावी. हेतू वाईट नव्हता. पण कल्पना करा. कचेरीत एक अनोळखी इसम येतो. कारकून विचारतो, "नाव काय आपले?" इसम म्हणतो, "लिहा, अमक्या वाड्यातली पेटी आणून उघडा." तुमचाआमचा कारकून हसेल. हा मात्र उठतो, पेटी आणतो आणि भर कचेरीत उघडतो! पेटीत काय भरावयाचे हे त्या इसमाने आधीच ठरविलेले असते.

आठ वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अलिबाबा कंपनीच्या सुरक्षा पथकाने अपाचेला कळविले, आणि डिसेंबरच्या ९-१० तारखेला साऱ्या जगाला समजले. माइनक्राफ्ट या खेळात तर गप्पांच्या जागी एक ओळ टाइप केली की पुरे, कारण खेळ चालविणारा संगणक ती ओळ वहीत नोंदवीत असे. या दोषाला गंभीरतेचे १० पैकी १० गुण मिळाले. परक्या माणसाला कोठेतरी दूर बसून तुमच्या संगणकावर हवे ते चालविता येई. याहून वाईट ते काय?

दुरुस्तीची २.१५.० ही आवृत्ती लगोलग आली, पण ती अपुरी ठरली. १३ डिसेंबरला २.१६.० आली, तिने नोंदीतल्या खुणा पाळणेच बंद केले. पाठोपाठ २.१७.०, आणि २८ तारखेला २.१७.१. महिन्यात चार! स्वयंसेवकांना पुष्कळांनी बोल लावले. मला ते पटत नाही. वर्षानुवर्षे फुकट वापरणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांपैकी किती जणांनी ही वही उघडून पाहिली होती?

खरे कष्ट बदलण्यात नव्हते, शोधण्यात होते. तुम्ही ही लायब्ररी घेतलेली नसते; तुम्ही घेतलेल्या दुसऱ्या कोणीतरी ती घेतलेली असते. जावाचे साहित्य 'जार' नावाच्या गाठोड्यांत येते आणि गाठोड्यात गाठोडे असते. म्हणून वरवर नावे पाहून भागत नाही. मेवन हे बांधणीचे साधन वापरीत असाल तर ते कोणी कोणाला आणले याची वंशावळ छापून देते. ती आधी पाहा. एकाच प्रोग्रामात दोन प्रती निघाल्या तर बहुधा वाटेत आधी भेटेल ती उचलली जाते, आणि नवी आणूनही जुनीच चालते.

आणखी एक अडचण नेहमीची. 'कोअर' आणि 'एपीआय' असे हिचे दोन भाग आहेत. दोष कोअरमध्ये होता म्हणून तेवढाच बदलला, तर दोघांचे जमत नाही आणि प्रोग्राम सुरू होतानाच अमुक क्रिया सापडत नाही अशी तक्रार करतो. दोन्हींचा क्रमांक एकच ठेवा.

जावा ८ असेल तर २.१७.१ किंवा पुढची आवृत्ती घ्यावी. जावा ७ वर अडकलेल्यांसाठी २.१२.४ आणि जावा ६ साठी २.३.२ काढली गेली. काहीच बदलता येत नसेल, तर कोअरच्या गाठोड्यातून 'जेएनडीआय लुकअप' हा भाग काढून टाकावा. पेटी आणणारे पायच ते. पहिल्या पिढीची लॉग-फोर-जे वापरणारे म्हणतील, आम्ही सुटलो. या दोषातून सुटलात खरे. पण त्या पिढीची देखभाल २०१५ सालीच थांबली आहे.

बदल झाल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. तोवर जुनी प्रत स्मृतीत चालूच राहते. ज्यांचे प्रोग्राम त्या डिसेंबरात उघड्यावर होते त्यांनी जुन्या नोंदीही चाळाव्यात. डॉलरचे चिन्ह, पुढे महिरपी कंस आणि जे-एन-डी-आय ही अक्षरे, अशी खूण शोधावी. लबाड लोक ती अक्षरे तोडूनमोडूनही लिहीत, तेव्हा नुसत्या चिन्हावर आणि कंसावरही नजर ठेवा.