मालमोटारीतील माणसे



विजयादशमीला वेस ओलांडायची, सोने लुटायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे, ही आपल्याकडची रीत. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतील कितीतरी गावांत मात्र दसरा सरला की एक निराळे सीमोल्लंघन सुरू होते. त्यातून परत यायला चैत्र उजाडतो. ते पायी होत नाही, घोड्यावरून तर नाहीच. ते मालमोटारीतून होते. बालाघाटच्या डोंगररांगेतून निघालेली ऊसतोड्यांची कुटुंबे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत आणि पुढे निपाणी, बेळगावपर्यंत जातात. आजचा विषय ही माणसे ज्या वाहनातून जातात ते वाहन आणि तो प्रवास, एवढाच आहे. ऊसतोड कामगारांवर बोलताना उचल, मुकादम, मजुरीचा दर यांची चर्चा होते आणि व्हायलाच हवी. पण घर ते फड हे साडेतीनशे-चारशे किलोमीटरचे अंतर मात्र चर्चेतून गळून पडते. जणू माणसे झोपली आणि उसाच्या फडात जागी झाली!

प्रथम त्या वाहनाकडे पाहू. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारी तयार होऊ लागल्या, तेव्हापासून आपल्या देशात ट्रक हा पुष्कळदा निम्माच कारखान्यात बनत आला. कारखान्यातून सांगाडा निघायचा आणि हौदा कुठल्या तरी गावच्या गॅरेजात सुतार-लोहारांच्या हातून बांधला जायचा. त्यामुळे प्रत्येक ट्रक हा त्याच्या मालकाच्या गरजेप्रमाणे घडलेला असतो. ऊसवाहतुकीला लागणाऱ्या गाड्या बहुधा जुन्या असतात. महामार्गावर उमेदीची वर्षे काढून झालेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते, तिच्या कमानपाट्यांना जोड दिला जातो, हौद्याच्या कडांना उभे लोखंडी खांब बसवून उंची वाढवली जाते. ऊस हौद्याच्या वर पुरुषभर उंच रचता यावा, यासाठी ही सगळी योजना. फळ्यांची फट, तळाचा पत्रा, मागचा फाळका, सारे काही मोळ्यांच्या हिशेबाने केलेले असते. माणसाच्या हिशेबाने काही केलेले असेल तर ती चालकाची केबिन.

या हौद्यात वर्षातून दोनदा घर भरले जाते. ते भरण्याचे एक शास्त्रच आहे आणि त्यात बायकांचा शब्द अखेरचा असतो. तळाला ज्वारी-बाजरीची पोती, कारण बाजारातून धान्य घेणे परवडणारे नसते. त्यावर कोपीचे सामान: बांबू, चटया, प्लास्टिकचे कागद. मग पत्र्याची पेटी, हंडे-कळशा, चूल पेटवण्यापुरते सरपण, अंथरुणे. शेळी एका कोपऱ्यात बांधलेली, कोंबड्या डालग्यात. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळीचे बैलही मालमोटारीतूनच जातात. आणि या सगळ्यावर, अंथरुणांच्या थरावर, माणसे. एका गाडीत अनेक 'कोयते' असतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात, एकटा असला तर अर्धा. माणसाची मोजणी हत्याराने व्हावी, हे त्या धंद्यातल्या कोणाला आता खटकतही नाही. मुले मात्र कोयत्यात धरली जात नाहीत. ती हौद्यात असतात, हिशेबात नसतात.

गाडी बहुधा संध्याकाळी सुटते, कारण भरण्यातच दिवस जातो. ज्यांचे पाय आता चालत नाहीत अशी म्हातारी माणसे वेशीपर्यंत येतात. कधी शाळेत जाणारे नातवंड आजीजवळ मागे राहते. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची शासकीय योजना निघाली ती याच मुलांसाठी. पण तान्ही आणि शाळेचे वय न झालेली मुले आईबरोबरच जाणार.

केज-कळंब-बार्शी-कुर्डुवाडी, मग पंढरपूर, सांगोला, मिरज असा एक रस्ता. पाटोदा-आष्टीकडची मंडळी जामखेड, करमाळा, टेंभुर्णी असे उतरतात. कार्तिकी एकादशीच्या सुमारास जाणारी गाडी पंढरपुराजवळ आली की हौद्यातली जागी असलेली माणसे अंधारातच हात जोडतात. उतरून दर्शन घेण्याइतका वेळ चालकाकडे नसतो. चंद्रभागेवरच्या थंडीत ताडपत्री अंगावर ओढून बसलेल्या बाईची सर्वांत मोठी अडचण थंडी ही नसते. गाडी कुठे थांबेल, तिथे आडोसा असेल की नाही, हे तिच्या हाती नसते. म्हणून निघण्यापूर्वी पाणी कमी प्यायचे, हा आईकडून मुलीकडे आलेला प्रवासाचा पहिला नियम. चाळीस-पन्नास माणसांच्या निकडीचा निर्णय एका चालकाच्या मर्जीवर सोपवलेला प्रवास कसा असतो, याची कल्पना आरक्षित आसनावर बसणाऱ्याला येणे कठीण आहे.

धोका तर उघडच आहे. उंच भरलेली गाडी, वळणावळणांचे घाट, रात्रीची वेळ, अनेकदा मागचा दिवा नसलेली वाहने रस्त्यावर. दरवर्षी हंगामाच्या तोंडाला परिवहन खाते उसाच्या वाहनांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घेते. पट्ट्या लागतात, ते चांगलेच. परंतु त्या पट्ट्या मागून येणाऱ्याला वाचवतात. हौद्यात बसलेल्याला वाचवण्यासाठी काय आहे?

येथे कायद्याचा थोडा तपशील पाहावा लागतो. तो कंटाळवाणा वाटला तरी सारा प्रश्न तिथेच अडकलेला आहे. मालवाहू गाडी प्रवाशांसाठी नाही, हे मोटार वाहन कायदा स्पष्ट सांगतो. २००२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात असा निर्णय दिला, की मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्याच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असेल तर गोष्ट वेगळी, वाहनमालकाचा नोकर असेल तर वेगळी. काही प्रकरणांत कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा मधला मार्ग न्यायालयांनी काढला. पण तो दयेचा मार्ग, हक्काचा नव्हे.

मग ऊसतोडा या गाडीत कोण? पोत्यांचा मालक म्हणावा, तर तो गाडी भाड्याने घेणारा नव्हे. नोकर म्हणावा, तर कोणाचा? साखर कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. कामगार आमच्या हजेरीपटावर नाहीत. वाहतूकदार म्हणतो, टोळी मुकादमाने आणली. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचे पैसे पोहोचवणारा मधला माणूस. वर्षभर सोयीची असलेली ही टोलवाटोलवी अपघाताच्या रात्री फार महाग पडते. पुरुषाबद्दल निदान वाद तरी घालता येतो. त्याच्या मांडीवर झोपलेले पाच वर्षांचे मूल कोणाचे नोकर होते, हे कोणता वकील सांगणार?

आणखी एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. त्यात असे होते, की कामगाराचे जाण्यायेण्याचे भाडे ठेकेदाराने द्यावे आणि प्रवासाचा काळ हा कामावरचाच समजून त्याचे वेतनही द्यावे. प्रवास हा श्रमाचाच भाग आहे, हे त्या कायद्याने मानले होते. पण तो लागू कधी होत असे? राज्याची सीमा ओलांडली तर. म्हणजे धारूरहून निघालेली गाडी कागलला थांबली तर प्रवास हा कामगाराचा खासगी मामला ठरे. आणखी थोडे पुढे जाऊन निपाणीत शिरली तर तोच प्रवास त्या कायद्याच्या दृष्टीने काम ठरे. गाडी तीच, माणसे तीच! निपाणीकडे गेलेल्या किती जणांच्या हाती असा प्रवासभत्ता पडला, हे त्या गावांत जाऊन विचारावे; 'भत्ता' हा शब्दच नव्याने समजावून सांगावा लागेल.

एकदाच असे घडले, की या माणसांची नावे गाडीगणिक कागदावर लिहिली गेली. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार कोप्यांत अडकून पडले. १७ एप्रिलला राज्य शासनाने त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय केला. अट अशी, की कारखान्याने आधी कामगारांची व कुटुंबीयांची वैद्यकीय तपासणी करावी, याद्या कराव्यात, गावाला आगाऊ कळवावे. तेव्हा चालकाजवळ परवाना आणि माणसांची यादी आली. जिल्ह्याच्या सीमेवर ती तपासली गेली. माणसे गावाबाहेर, शाळांत, शेतांत थांबली. कारण साथीचे होते, काळजी गावात राहिलेल्यांची होती, हे खरे. तरीही कोणत्या गाडीत कोण बसले आहे हे शासनाला ठाऊक असू शकते, एवढे त्या दिवसांनी सिद्ध करून दाखवले.

पुढे काही गोष्टी झाल्या, त्या नाकारण्याचे कारण नाही. २०२१ साली ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्र देण्याचा निर्णय झाला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे कार्यालय २०२२ साली पुण्यात सुरू झाले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत असे ठरले. अपघात विम्याच्या योजनाही आल्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. तथापि दराच्या बोलणीत प्रवासाचे कलम कोणी आग्रहाने धरल्याचे दिसत नाही. मागणारेच त्या प्रवासाला सरावलेले आहेत.

आता कोणी म्हणेल, बसने जावे! ही सूचना हास्यास्पद नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणारे एस.टी. महामंडळ आषाढीला पंढरपुरासाठी हजारो जादा गाड्या सोडते, गावातून पुरेसे प्रवासी मिळाले तर थेट गावात बस पाठवते. ऊसतोड्याची वाट वारीइतकीच ठरलेली आहे. २०२३ पासून बायकांना राज्यात अर्धे तिकीट आहे, मुलांना पूर्वीपासून. नवरा-बायको आणि दोन मुले यांची अडीच तिकिटे होतात. शिरोळ-इचलकरंजीपर्यंतचे भाडे ६०० रुपये धरले तर जाऊन-येऊन ३,००० होतात. एका जोडीने हंगामात २०० टन ऊस तोडला असे मानले, तर टनामागे १५ रुपये पडतात. पोती, बांबू, पेटी, शेळी मागून ट्रकमधून यावीत. तो ट्रक तसाही उसासाठी तिकडे जाणारच आहे.

हिशेब इतका सोपा असताना तो कोणी मांडत का नाही? खर्च हे एक कारण. दुसरे कारण मुकादमाच्या मनात असते आणि ते त्याच्या बाजूने समजूनही घेतले पाहिजे. त्याने उचल वाटलेली असते, बहुधा कारखान्याच्या किंवा सावकाराच्या पैशातून. वाटेत एक जोडी उतरून दुसऱ्या टोळीला मिळाली तर ती रक्कम त्याच्या बोकांडी बसते. ट्रक एकदा भरला की मध्ये कोणी उतरत नाही. हौद्याला दार नसते, ही त्याच्या दृष्टीने सोयच आहे.

एस.टी.च्या तिकिटावर निघण्याचे ठिकाण, उतरण्याचे ठिकाण आणि तारीख छापलेली असते. मुकादमाच्या वहीत उचलीची रक्कम असते आणि तिच्याखाली अंगठा.