उतारवयाची तरतूद

सेवानिवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम हाती येणे, हे एके काळी सरकारी नोकरीचे वैशिष्ट्य होते. १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, केंद्र शासनाच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांना अंशदानावर आधारलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. १ मे २००९ पासून तिचे द्वार सर्व नागरिकांना खुले झाले. दुकानदार, वकील, खासगी कारखान्यातील कर्मचारी यांनाही स्वतःचे निवृत्तिवेतन स्वतः उभारता येते. साधन आहे, उणीव आहे ती वेळेवर आरंभ करण्याची.

मध्यमवर्गीय गृहस्थ बचत करीत नाही, असे नाही. परंतु घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण, कन्येचा विवाह यांतून उरेल ते वार्धक्यासाठी, असा त्याचा क्रम असतो. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधीही काढून खर्च होतो.

येथे काळाचे गणित ध्यानी घ्यावे. एकाने तिसाव्या वर्षापासून दरमहा २,००० रुपये साठवले. दुसऱ्याने पंचेचाळिसाव्या वर्षापासून दरमहा ४,००० रुपये. साठीपर्यंत दोघांचेही ७ लाख २० हजार रुपये भरून होतात. उदाहरणादाखल वार्षिक ८ टक्के परतावा धरला, तर पहिल्याचे सुमारे ३० लाख होतात, दुसऱ्याचे १४ लाखही होत नाहीत. हा परतावा हमीचा नव्हे, कारण रक्कम बाजारात गुंतवली जाते. परंतु दोघांतील अंतर काळानेच निर्माण केले आहे.

महागाईचाही विचार हवा. ती वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली, तर सुमारे १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. छत्तिसाव्या वर्षी २०,००० रुपयांत चालणारे घर साठीला ८०,००० मागेल. म्हणून उत्पन्न वाढेल तसे अंशदानही वाढवावे.

निवृत्तीच्या वेळी संचिताचा काही भाग वार्षिकीत गुंतवून त्यातून मासिक वेतन मिळते. आपल्या पश्चात पत्नीला ते आजन्म मिळेल, असा पर्याय घेतल्यास रक्कम थोडी घटते. परंतु जिने संसार सांभाळला, तिच्यासाठी एवढे सोसणे कर्तव्यच आहे.

मातापित्यांचा सांभाळ मुले करतीलच. तथापि आयुष्यभर दिलेल्या हातावर औषधासाठी पसरण्याची वेळ येऊ नये. त्यासाठी येत्या पगारातून पहिला वाटा वार्धक्याचा काढावा. इतर खर्च त्यानंतर.