मास्तर व्हायचे, पण कोणत्या वर्गाचे?



आम्ही जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारी माणसे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. पण बारावीचा निकाल लागला की जऊळक्यातली पोरे-पोरी कागद घेऊन आमच्याकडे येतात. म्हणून हे नियम आम्ही वाचून, चार जणांना विचारून समजून घेतले. तेच आज सांगतो.

घरोघरी एकच ऐकू येते, "पोरीला बी.एड. करू, मास्तरीण होईल." अहो, पण कोणत्या वर्गाची? आधी वर्ग ठरवा, मग पदवी.

पहिली ते पाचवीला शिकवायचे, तर बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, म्हणजे आपले जुने डी.एड. बी.एड.वाल्यांना या वर्गांवर नेमता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे. सहावी ते आठवीला पदवी आणि सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते. नववी-दहावीला पदवी व बी.एड. पाहिजे. अकरावी-बारावीला त्या विषयाचे एम.ए. किंवा एम.एस्सी., वर बी.एड.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. म्हणजे बी.ए. धरून पाच वर्षांचा खर्च. पदवी आणि बी.एड. चार वर्षांत एकत्र देणारा अभ्यासक्रम २०२३ पासून सुरू झाला आहे. पण तो मोजक्याच संस्थांत आहे, आणि त्याला देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आहे.

एम.एड. बी.एड.नंतरचे, अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे असेल त्याने करावे. शिक्षणशास्त्रातले एम.ए. अभ्यासाला, संशोधनाला चांगले, पण ते बी.एड.ची जागा घेत नाही. दोन्ही नावे सारखी वाटतात, तिथेच घरे फसतात. म्हशी विकून भरलेली फी परत येत नसते, आणि पोरांची दोन वर्षे तर मुळीच नाही.

पदवी झाली म्हणजे नोकरी लागली, असेही नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टी.ई.टी. पास व्हावी लागते. भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी. तयारी पहिल्या वर्षापासूनच करा.

पैशाचे म्हणाल तर, १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. जातीचा, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी आधीच करून ठेवा. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. दलालाच्या तोंडी शब्दावर तर नाहीच.

बाबासाहेब कोलंबियात शिकत होते, तेव्हा शिक्षणाचा मोठा विचारवंत जॉन ड्यूई त्यांना गुरू लाभला. शिकवणे हे शास्त्र आहे, ते शिकूनच करावे लागते. आपल्या वस्तीतली पोरे वर्गात उभी राहतील, ती नीट शिकूनच राहावीत.

कागद समजला नाही, तर रविवारी विहारात घेऊन या. आपण बसून वाचू. जय भीम!