उत्सवानंतरचे चार दिवस



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे होतो. सुटी संपवून आलेल्या मुलाला खोकला दिसला, की ते त्याला खिडकीजवळच्या बाकावर एकटे बसवीत. मात्र चुकलेला धडा त्याच्या वहीत स्वतः उतरवून देत. त्या बाकाचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजचा विषय तेथूनच सुरू होतो. सणावारी, लग्नकार्यात, यात्रेत माणसांत मिसळून आल्यावर, दुखणे पसरू नये म्हणून आपण काही दिवस इतरांपासून दूर राहावे काय?

आपले गाव बुऱ्हाणपूर आणि असीरगड यांच्यामधल्या वाटेवरचे. निम्मे सोयरे निमाडात, निम्मे खानदेशात. आखाजीला लेकी माहेरी येतात, दिवाळीला भाऊबीज घेऊन माणसे रावेर-मुक्ताईनगरपर्यंत जातात. ही ये-जा हेच आपले वैभव. परंतु ज्या वाटेने शिदोरी येते, त्याच वाटेने आजारही येतो.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये मुंबईत दिसली आणि रेल्वेच्या रुळांबरोबर देशभर पसरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, त्यामागचे प्रमुख कारण हीच साथ होय. मध्य प्रांताला तिचा तडाखा विशेष बसला.

यापुढचे माझ्या घरचे आहे. कोरोनाची साथ ओसरल्यानंतरच्या एका दिवाळीत मी तीन गावे फिरून परतलो. घसा किंचित खवखवत होता. प्रवासाचा शीण समजून मी तसाच थोरल्या आत्याच्या घरी गेलो, पाया पडलो, तिच्या खाटेवर बसून तासभर बोललो. तिचे वय ऐंशीच्या पुढे. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, आणि त्या हिवाळ्यात ती आम्हांला सोडून गेली. माझ्यामुळेच हे घडले, असे सिद्ध करता येणार नाही. माझ्यामुळे घडले नाही, असेही मला म्हणता येत नाही. चार दिवस थांबलो असतो तर काय बिघडले असते, हा प्रश्न आजही माझ्यासमोर उभा राहतो.

विज्ञानाचे म्हणणे साधे आहे. फ्लूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. कोरोनात ही मुदत दोन ते चौदा दिवसांची असू शकते. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे ‘मला काही झालेले नाही’ ही आपली खात्री त्या दिवसांत पुरेशी नसते.

तरीही दोन आक्षेपांना उत्तर दिलेच पाहिजे. पहिला आक्षेप इतिहासाचा. ‘दूर राहा’ हा शब्द या भूमीत निष्पाप नाही. अस्पृश्यतेच्या नावाने आपण माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिक घराघरांत शिरले. लोकांचा क्षोभ इतका वाढला, की २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पण त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर, वस्तीपासून दूर दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दोन्हीकडे रुग्णाला वेगळे काढणे होतेच. एका ठिकाणी त्यामागे धाक होता, दुसऱ्या ठिकाणी माया.

दुसरा आक्षेप पोटाचा. यंत्रमागावर किंवा केळीच्या बागेत रोजाने राबणाऱ्याने चार दिवस घरी बसावे कसे? एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे वेगळी खोली आणावी कोठून? हा आक्षेप खरा आहे. म्हणून हा नियम कोणावर लादता येणार नाही. ज्याला जेवढा शक्य आहे तेवढा त्याने पाळावा. खोकला असेल तर तोंडावर रुमाल, निजताना उघडी खिडकी, म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळाच्या खाटेपासून चार हात अंतर, एवढे तर झोपडीतही जमते.

माझे उत्तर असे आहे. उत्सव बंद करू नयेत. माणूस माणसाला भेटला नाही तर तो दुसऱ्या दुखण्याने झिजतो. सगळ्यांपासून तोंड लपवून बसण्याचीही गरज नाही. परंतु गर्दीतून परतल्यावर चार दिवस वृद्ध, गर्भवती, तान्ही बाळे आणि आजाऱ्यांच्या भेटी पुढे ढकलाव्यात. लक्षण दिसले तर बरे वाटेपर्यंत थांबावे. मात्र त्या दिवसांत फोन करावा, डबा दारापर्यंत पोचवावा, ओसरीतून विचारपूस करावी. अंतर शरीराचे असावे; माणुसकीचे नव्हे.

हे आपल्याला अवघड नाही. २०२० च्या आषाढीला शेजारच्या मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंच्या पादुका पायी वारीऐवजी बसने, मोजक्या माणसांसह पंढरपुरास गेल्या. वारकऱ्यांनी घरीच थांबून एकादशी केली. शतकांची परंपरा एका वर्षाच्या संयमाने तुटली नाही. मग आपली भाऊबीज चार दिवसांनी का तुटावी?

गुरुजींच्या त्या बाकावर बसलेला मुलगा वर्गाबाहेर नव्हता. फळा त्याला दिसत होता आणि वहीतला धडा पूर्ण होता. आपल्या घरांत, आपल्या गावात असा एक बाक आपण राखून ठेवावा, आणि प्रसंगी त्यावर आपण होऊन बसावे, एवढीच माझी विनंती आहे.